वालिद, बेटा आणि दामाद

मी आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीही खेळण्यातल्या आगगाडीच्या पुस्तिकेची. चोरलेल्या त्या पानांवर मी पोटच्या पोरीला सहा आठवडे रगडलं, आणि ज्या परीक्षेसाठी रगडलं तिचं उत्तर माझ्या नाकासमोर एकदा घडून गेलेलं होतं. नातवंडं म्हणतात, आजी, तू शाळेत नोकरीला होतीस म्हणजे हुशार असशील. मी म्हणते, शाळेत फळाही असतो बाबांनो, म्हणून त्याला गणित येतं असं नाही.

पुस्तिका जुबेदाआपांची होती. लातूरच्या आमच्या मुलींच्या शाळेत आपा विज्ञान शिकवायच्या आणि मी ऑफिसात क्लार्क होते. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. मूळच्या मुदखेडच्या, वडील रेल्वेत ड्रायव्हर. माझं माहेर मुखेड, म्हणजे दोघींचा जिल्हा नांदेड. नवी नवी होते तेव्हा एवढ्या भांडवलावर मी त्यांच्याशी नातं जोडायला गेले.

"मुखेडला रेल्वे हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. एसटी आहे."

"मग कशाचं नातं?" म्हणाल्या, आणि लवंग दाताखाली फोडून वर्गावर गेल्या.

लवंग कायम तोंडात. बाई उंच, हाडकुळ्या, खडू रुमालात धरून लिहायच्या. शाळेत आल्या की बुरखा काढून प्रयोगशाळेच्या खुंटीला टांगायच्या. पोरी त्या बुरख्यालाही घाबरायच्या. आपा ऑफिसात माझ्यासमोर बसलेल्या असल्या तरी तिकडं खुंटीकडं बघून अख्खा वर्ग गप्प. मला नेहमी वाटायचं, शाळेला दोन विज्ञानशिक्षिका आहेत आणि त्यातली एक तरी निदान बोलत नाही.

कारण दुसरी फार बोलायची. आपांना कोणतीही वस्तू एकटी दिसायचीच नाही. तिच्या शेजारी दुसरी ठेवायच्या, आणि मग दोन्हींची अब्रू काढायच्या. मुख्याध्यापकांनी पंधरा ऑगस्टला भाषण केलं की आपा शेजारच्या बाईंना ऐकू जाईल इतपत हळू म्हणायच्या, "गेल्या सालचंच हाय. तारीख तेवढी धुऊन काढली." मी दिवाळीची नवी साडी नेसून गेले तर काठ चिमटीत धरून म्हणाल्या, "मागच्या दिवाळीचीच हाय की ही. काठ बदलला, बाई तीच." एक पालक आले, मोठ्या अभिमानानं म्हणाले, "आमची पोरगी घरात सगळ्यात हुशार आहे." आपांनी शांतपणे विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

ते गृहस्थ जिना उतरेपर्यंत त्यांना कळलं नव्हतं. खालच्या पायरीवर थांबले तेव्हा कळलं असावं.

आता आगगाडीचं सांगते. आपांचा भाऊ कुवेतला होता. त्यानं एका सुट्टीत ठोकळे जोडून करायची आगगाडी आणली. वडलांसाठी. जन्मभर खरी गाडी हाकलेल्या त्या म्हाताऱ्यानं ती हातात घेतली, उलटी करून बघितली, म्हणाला, "ह्याला ब्रेक कुठाय?" आणि परत दिली. म्हणून ती आपांकडं आली. लाल इंजिन, मागं बॅटरीचा एक डबा, त्याच्या मागं पिवळे दोन डबे, निळे रूळ. आपांनी ती शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवली, आणि बरीच वर्षं तिच्याकडं कोणी बघितलं नाही.

मग भूकंप झाला.

त्या दिवसांवर लिहायला बसले तर हा लेख दुसरीकडंच जाईल. एवढंच सांगते की औशाच्या पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये मुलांची शाळा सुरू झाली, आणि आमच्या शाळेतून आपांना शिकवायला आणि मला याद्या लिहायला पाठवलं. रोज एसटीनं जायचो. मी मुलाचं नाव लिहायची आणि त्याच्यापुढं घरात उरलेल्यांची नावं. काही नावांपुढं फार लिहावं लागायचं नाही.

बाहेरगावहून मदत घेऊन माणसं यायची. एक बाई आल्या, बरोबर फोटो काढणारा. त्यांनी एका लहान मुलीच्या हातात बाहुली दिली आणि वाकून गोड आवाजात विचारलं, "आता काय म्हणायचं असतं?"

मुलगी बाईंच्या तोंडाकडं बघत राहिली.

"ती तुमचीच वाट बघून राहिली," आपा म्हणाल्या. "मयताच्या घरी आलात. आधी बोलायचं ते तुम्ही."

बाईंचा चेहरा पडला. फोटोवाल्यानं तेवढाच फोटो काढला असता तर बरं झालं असतं, असं आपा एसटीत म्हणाल्या. मला बाईंची दया आली होती. आपांना म्हटलं, त्या बिचाऱ्या चांगल्या मनानं आल्या होत्या. आपा म्हणाल्या, "चांगलं मन आणलं हाय तर पिशवीतून बाहेर काढायचं की. बाहुली कामून काढली?"

त्याच मदतीच्या खोक्यांत एक ठोकळ्यांची आगगाडी निघाली. खोक्यावरचं चित्र डिट्टो आपांच्या गाडीचं. लाल इंजिन, पिवळे डबे. पुस्तिका मात्र आत नव्हती. आपा खूश झाल्या, म्हणाल्या, "माझ्याकडं हाय." दुसऱ्या दिवशी कपाटातल्या आपल्या खोक्यातून पुस्तिका घेऊन आल्या आणि वीसेक पोरांच्या मध्ये ठेवली. पोरं तुटून पडली. एक तास झाला तरी गाडी होईना. एक जण ठोकळा दगडानं ठोकून बसवत होता, एक दातानं चावून. आपा वरून ओरडत होत्या, "चित्र बघा, चित्र. डोळे दिलेत ना."

तेव्हा एक मुलगी, दहा-अकरा वर्षांची, जिच्या नावापुढं मला एकच नाव लिहावं लागलं होतं, ती म्हणाली, "बाई, हे पुस्तक ह्या गाडीचं न्हाई."

"तुला काय माहीत?"

"ह्यात चाकं आठ हायत. आमच्यात सहाच निघाली. अन् हितं आकडा हाय, आमच्यात चिकटतंय."

आपांनी ठोकळे हातात घेतले. पुस्तिकेतल्या डब्यांना जोडायला आकडे होते, या गाडीच्या डब्यांना लोहचुंबक. पुस्तिकेतली बॅटरी वेगळ्या डब्यात, हिची इंजिनाच्या पोटात. चित्र तेच, गाडी दुसरी. आपा पोरांसमोर मांडी घालून बसल्या, त्या मुलीला म्हणाल्या, "माझं चुकलं. तुझं बरोबर." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि शेवटचंही.

मी तिथंच होते. तीन हातांवर. हे सगळं मी या डोळ्यांनी बघितलं आणि यादी लिहीत राहिले. नंतर मी जे केलं ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

शेडमधली शाळा बंद झाल्यावर आपांनी भावाला पत्र लिहून ती दुसरी, नवी गाडी मागवून घेतली. मग हैद्राबादला गेल्या तेव्हा तिथल्या बाजारातून तिची नक्कल आणली. तिन्ही खोक्यांवर एकच चित्र. आपांनी त्यांची नावं ठेवली: वालिद, बेटा आणि दामाद. आणि मग रोज मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या टेबलावर तिघांना शेजारी शेजारी मांडून त्यांची चिरफाड सुरू झाली. मी डबा घेऊन तिथंच जायची, कारण फुकटची करमणूक होती.

"हा वालिद," आपा सांगायच्या. "जड हाय, हळू हाय, बॅटरी खाऊन राहतो. पण बघ, प्रत्येक भिंत चार-चार ठोकळ्यांची. कुठं चुकलं तर उकलून परत जोडता येतं. हा बेटा. बापापेक्षा जोरात पळतो. चार ठोकळ्यांच्या जागी एकच मोठा ठोकळा बसवलाय, म्हणजे कष्ट कमी. उलटा लावला की चुंबकांची सारखी तोंडं समोरासमोर, डबा डब्याला जवळ येऊ देत नाही. घरोघरच्या बेट्यांसारखा. अन् हा दामाद." इथं त्या नकलेचं इंजिन दोन बोटांनी उचलायच्या, की चाकं खाली गळायची. "दिसायला दोघांपेक्षा चमकदार. पकड न्हाई."

मी खूप हसायची. माझा नवरा घरजावई नव्हता, पण हसताना तो डोळ्यांसमोर यायचा.

त्यांची एक लांब वही होती. उजवीकडून उघडली की उर्दूत, डावीकडून उघडली की मराठीत, आणि दोन्हीकडून फरकच फरक. कोणत्या गाडीचा ठोकळा शंभर वेळा काढून घातल्यावर सैल होतो. प्रयोगशाळेच्या तराजूत कोणाचं चाक किती भरतं. रूळ उन्हात ठेवले तर कोणाचे वाकतात. मी एकदा म्हटलं, "आपा, लग्न केलं असतं तर एवढ्या वेळात चार लेकरं झाली असती."

"हाव," म्हणाल्या. "अन् त्यांची बी अशीच वही केली असती. वाचली बिचारी."

तोवर लातूरला क्लासची लाट आली होती. बोळाबोळांत खोल्यांवर खोल्या चढल्या, भिंतींवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागले, आणि मेसच्या डब्यांनी सायकली लदल्या. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून आईबाप पोरांना ट्रंकेसकट आणून सोडायचे. एका मोठ्या क्लासचे मालक आपांकडं आले, आमच्याकडं शिकवा म्हणून. येताना भेट आणली. कोणी तरी सांगितलं असणार. अगदी नवी गाडी, दुरून बटणानं चालणारी, इंजिन अखंड एकाच तुकड्याचं.

आपांनी ती तिघांच्या शेजारी ठेवून बघितली. "यात जोडायचं काय हाय?"

"काहीच नाही मॅडम, तेच तर," मालक म्हणाले. "खोकं उघडलं की गाडी चालू."

"तुमच्या क्लाससारखीच," आपा म्हणाल्या आणि खोकं बंद करून त्यांच्या हातात दिलं.

आपा स्वतःच्या घरी, शतरंजीवर मावतील तेवढ्याच, बारा पोरींना शिकवायच्या. दहावी झालेल्या. त्या बाराच्या बारा पुढं कुठं कुठं पोचायच्या, म्हणून उन्हाळ्यात आपांच्या दारात रांग लागायची. आपा मार्कलिस्टला हात लावायच्या नाहीत. पोरीला शतरंजीवर बसवायच्या आणि आगगाडी जोडायला द्यायच्या. निवडलेल्या पोरी आत काय झालं ते सांगायच्या नाहीत, आपांची तशी ताकीद होती. न निवडलेल्या रडत सांगायच्या, "मी तर पूर्ण जोडली होती गाडी." यावरून गावातल्या आईबापांनी निष्कर्ष काढला की आपा वेळ लावून बघतात, सगळ्यात जलद जोडेल ती पास. लातुरात तेव्हा सगळंच वेळ लावून चालायचं. दोन पोरांनी तर सुट्टीत ठोकळे जोडायला शिकवण्याचा क्लास काढला आणि तो चालला.

माझी वैशाली त्या वर्षी दहावीला होती. माझ्या जावेची मुलगी आपांकडून शिकून मेडिकलला गेलेली होती, आणि जाऊ माझ्याशी बोलताना डॉक्टरांसारखं बोलायला लागली होती. वैशालीला आपांच्या शतरंजीवर जागा मिळाली नाही तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाही, असं मी ठरवून टाकलं. पोरीला काय पाहिजे ते मी विचारलं नव्हतं. तेवढा वेळ कुणाकडं होता.

शाळेच्या सगळ्या चाव्या माझ्या टेबलामागच्या बोर्डावर. आपा परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होत्या तेव्हा मी प्रयोगशाळेत शिरले. खुंटीवर बुरखा होता. मी त्याच्याकडं पाठ करून कपाट उघडलं, वरच्या खोक्यातली पुस्तिका पदराखाली घेतली, झेरॉक्सवाल्याकडं पळाले आणि आपा यायच्या आत ती परत खोक्यात टाकली. वरचं खोकं वालिदचं होतं. मला काय, तिन्हीवर चित्र एकच, म्हणजे पुस्तिकाही एकच. रोज मधल्या सुट्टीत डबा खात जी बाई तीन गाड्यांचे फरक ऐकून हसत होती, तीच ही.

झेरॉक्स काळीपांढरी निघाली. लाल, निळं, पिवळं सगळं राखी. मग मी वैशालीच्या स्केचपेनांनी आठवून आठवून रंग भरले. ठोकळे पाहिजेत म्हणून माहेरी जाताना वाट वाकडी करून नांदेडला गेले आणि बाजारातून एक गाडी आणली. ती दामादच्या जातीची निघाली. आणि सहा आठवड्यांची शाळा सुरू झाली.

पहिल्याच दिवशी वैशाली म्हणाली, "आई, हे पुस्तक ह्या गाडीचं न्हाई."

शब्दाला शब्द तेच वाक्य. औशाच्या शेडमधलं. माझ्या कानात काही वाजलं का? नाही. मी म्हणाले, "तू आपांपेक्षा शहाणी आहेस का? छापलेलं आहे ते."

"पण आई, चाकं कमी हायत."

"विचारायचं नाही. जोडायचं."

जिथं ठोकळा बसेना तिथं मी कानशीनं घासून बसवला. जिथं सैल होता तिथं कागदाची घडी घातली. समोर गजराचं घड्याळ ठेवलं. उशीर झाला की तळहातावर फूटपट्टी. रोज कालच्यापेक्षा कमी वेळ लागला पाहिजे, नाही लागला तर पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी ही पोरगी प्रश्नांनी भंडावून सोडायची, पाल भिंतीवर उलटी कशी राहते इथपासून. सहा आठवड्यांत मी तिचं तोंड असं बंद केलं की जेवताना मीठ मागायचीही बंद झाली. नवरा एकदा दारातून म्हणाला, "इंदू, ते खेळणं आहे." मी म्हणाले, "तुमच्यासाठी." तो गेला. तो नेहमी एकच वाक्य बोलून जायचा, आणि ते बरोबर असायचं, याचा मला भयंकर राग यायचा.

निवडीच्या दिवशी सकाळी आपा मला म्हणाल्या, "तू बी आत ये, इंदू. नावं लिही माझ्यासाठी." इतर आया बाहेर कडुनिंबाखाली, आणि मी आत. मला वाटलं हा मान आहे. चाव्यांचा बोर्ड संभाळणाऱ्या बाईला एवढा मान मिळायलाच पाहिजे, असंही वाटलं.

तीन-तीन पोरी शतरंजीवर. प्रत्येकीपुढं परातीत ठोकळे आणि एक पुस्तिका. वैशालीच्या शेजारी औशाकडची एक मुलगी, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, नवी चप्पल बाहेर काढायला तयार नव्हती म्हणून ती मांडीखाली घेऊन बसलेली. आपा म्हणाल्या, "चला."

वैशालीनं पुस्तिका बघितली, ठोकळे बघितले, आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी कोपऱ्यातून डोळे मोठे केले आणि मान हलवली. आता बोलू नकोस, जोड. तिनं मान खाली घातली आणि हात चालवले. काय हात चालले. मला तर अभिमानानं भरून आलं.

शेजारची वेण्यांची मुलगी चार ठोकळे लावून थांबली. "बाई, ह्यातली चाकं ह्यात न्हाईत."

"बरं मग?" आपा म्हणाल्या.

"मग काय. दुसरं पुस्तक द्या की."

आपांनी मला तिचं नाव लिहायला सांगितलं. मी लिहिलं, आणि मनात म्हणाले, बिचारी, काहीच तयारी न करता आली.

वैशालीची गाडी सगळ्यांच्या आधी झाली. सगळी लाल-पिवळी, चित्रासारखी. आपांनी ती उचलून शतरंजीवर एका बोटानं ढकलली. ती पुढं सरकली नाही, नुसती घासत गेली. चाकं इंजिनाच्या पोटात दाबून बसवलेली होती.

"घरी कितीदा जोडली ही?" आपांनी तिला विचारलं.

वैशालीनं पुन्हा माझ्याकडं बघितलं. मीच म्हणाले, "एकदाही नाही आपा. पहिल्यांदाच बघते ती."

"पहिल्यांदा बघणारी गाडीकडं बघते," आपा म्हणाल्या. "ही मघापासून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून राहिली." आणि गाडी परातीत मोडून टाकली. पुढच्या तीन पोरी आत आल्या. मी नावं लिहीत राहिले, आणि शेवटी बारा नावांची यादी माझ्याच हस्ताक्षरात आपांच्या दारावर चिकटली. त्यात वैशाली नव्हती.

रस्त्यानं घरी येताना मी तिला बोलबोल बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, तिच्या मुली हे वाचतील. त्यानंतर मी आपांशी बोलणं टाकलं. त्यांचा रजेचा अर्ज आला तर तीन आठवडे इतर कागदांखाली दाबून ठेवला. त्यांचे वडील आजारी होते, आपा रजा न घेताच मुदखेडला जाऊन आल्या आणि बिनपगारी लिहून दिली. माझ्या टेबलापाशी उभ्या राहून सही करताना एवढंच म्हणाल्या, "तुझं अक्षर मात्र चांगलं हाय, इंदू." मला ते कौतुक वाटलं. रात्री नवऱ्याला सांगितलं. त्यानं अंगावरची चादर डोक्यावर घेतली.

वैशालीचं पुढं तसं वाईट काही झालं नाही. एका क्लासला घातली, तिथं एका हॉलमध्ये तीनशे पोरं बसायची, आणि प्रश्न विचारायला कोणाला वेळ नव्हता. तिला तिथं काही अडचण आली नाही. औषधशास्त्र केलं, लग्न झालं, आज नांदेडला नवराबायकोचं औषधाचं दुकान आहे. मला रोज फोन करते. मी विचारेन तेवढ्याचं उत्तर देते. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं ते मला महिन्यानं कळलं, तिच्या शेजारणीकडून. म्हटलं, "अगं, मला सांगायचं नाहीस?" म्हणाली, "तू विचारलं न्हाईस."

मधे वर्षं गेली. आपा निवृत्त होऊन मुदखेडला भावाच्या घरी गेल्या. मी वैशालीकडं राहायला आले होते तेव्हा मुदखेडला एक लग्न निघालं. लग्न आटोपून मी पत्ता विचारत आपांच्या दारात उभी राहिले. इतक्या वर्षांत एकच गोष्ट मला टोचत होती. माझ्या पोरीला आपांनी डावललं ते माझ्या चोरीची शिक्षा म्हणून. चोर मी, शिक्षा लेकराला. हे आपांच्या तोंडावर म्हणायचं मी लग्नातल्या पंगतीत बसल्या बसल्या ठरवलं होतं.

आपा ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. आणखी वाळलेल्या. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, काळा चष्मा, आणि हातात औषधाच्या दोन बाटल्या.

"कोण, इंदू? बस. ही बघ, दोन कंपन्यांची एकच दवा. डाव्या डोळ्यात ही घालून राहिले, उजव्यात ती. बघते कोणती खोटं बोलते."

"डॉक्टरला विचारलं का?"

"त्याच्याच डोळ्याला चष्मा हाय."

त्यांच्या भावजयीनं चहा आणला. इकडचं तिकडचं झालं. मुख्याध्यापक गेले, शाळेची नवी इमारत झाली, दारासमोरून मालगाडी गेली तेव्हा आपा बोलता बोलता थांबल्या आणि ती संपेपर्यंत डबे मोजत असल्यासारख्या ओठ हलवत राहिल्या. मग मी कप खाली ठेवला.

"आपा, एक विचारते. माझ्या वैशालीला तुम्ही का घेतलं नाही? मी पुस्तक चोरलं म्हणूनच ना?"

त्यांनी चष्मा काढला. डोळे लाल होते, पाणी येत होतं, औषधाचं. माझ्याकडं नीट बघितलं, जसं त्या काहीही दोन वस्तूंकडं बघायच्या, फक्त माझ्या शेजारी दुसरं कोणी नव्हतं.

"पुस्तक चोरलंस ते मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, उलटं ठेवलं होतंस. चोरीसाठी मी कोणाची पोरगी सोडली नसती. तुझ्या पोरीला बसल्या बसल्या कळलं होतं की पुस्तक दुसऱ्या गाडीचं हाय. तिनं मान वर केली, तेव्हा मी तिच्याकडं बघत नव्हते, इंदू, तुझ्याकडं बघून राहिले होते. तुला त्याच्यासाठीच आत बसवलं होतं. पोरीत काही खोट नव्हती. पण माझ्याकडं ती दिवसाचे दोन तास बसली असती, अन् तुझ्याकडं बावीस. तेवढी ताकद माझ्यात न्हवती."